नऊ वाजायला दहा सेकंद

पहाटे पाचपासून मी रेडिओवर बोलतो आणि दुपारनंतर ड्रम वाजवतो. ऐकणाऱ्याला दोन्हीकडे मजाच दिसते. पण चारला उठून, तोंडावर पाणी मारून, रिकाम्या खोलीत एकट्यानं उत्साह काढायचा आणि मग त्याच दिवशी हातांनी दुसऱ्यांना नाचवायचं, हे सहा वर्षं केलं की माणूस आतून सपाट होतो. बसल्या जागी मला झोप लागते. सिग्नलवर लागते.

आमचा बँड चौघांचा. मॉलमध्ये, कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही लोकांच्या ओळखीची गाणी वाजवतो. स्वतःचं म्हणावं असं गाणं एकच केलं. ते आमच्या गायिकेनं तिच्या आईवर लिहिलं होतं. आई कळमेश्वरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, आठ तास उभी. पहिली कडवी घरातली, हसरी. शेवटच्या कडव्यात ते उभं राहणं होतं.

आमच्या रेडिओ केंद्राच्या साहेबांना चाल आवडली. "फक्त शेवटचं कडवं काढा," ते म्हणाले. "लोक डबा भरत असतात हो तेव्हा."

मी ज्या घरात वाढलो तिथे पुस्तकांच्या आधी पत्रकं होती. वडील लिहायचे, मी घड्या घालायचो, आणि घड्या घालता घालता वाचायचो. त्यामुळे अशा वेळी माझं तोंड बंद राहत नाही. डबा भरणारीचेही पाय दुखतात, हे मी साहेबांना अर्धा तास सांगितलं. शेवटी ते थकले. गाणं पूर्ण लागेल, माझ्याच कार्यक्रमात, आठ छप्पनला.

रेकॉर्डिंग मनीषनगरमधल्या एका खोलीत झालं. रेकॉर्डिंगवाल्यानं हेडफोन पुढे केला. त्यात ठरावीक वेगाची टकटक वाजत राहते, ड्रमवाल्यानं तिला धरून वाजवायचं असतं. मी नको म्हणालो. कारखान्यात उभ्या केलेल्या बाईचं गाणं मी यंत्राच्या तालावर वाजवणार नाही, असं मोठं वाक्यही बोललो. सगळ्यांना पटलं. त्या दिवशी मी पहाटेपासून बोलत होतो. डोळे मिटून वाजवलं. छान वाजलं असं वाटलं.

ठरलेल्या सकाळी आठ छप्पनला गाणं लावलं. तालमीत ते साडेतीन मिनिटांचं होतं आणि मी कागदावर तसंच लिहिलं होतं, फाइल तपासली नव्हती. नऊच्या बातम्या बाहेरून जोडल्या जातात आणि त्या कोणासाठी थांबत नाहीत. दहा सेकंद उरले की चालू असेल त्याचा आवाज खाली आणायचा, वेळ सांगायची. मी घड्याळाकडे बघितलं. दहा उरले होते आणि शेवटच्या कडव्याआधीची गिटार अजून वाजत होती. मी विचार केला नाही. हातानं आपोआप गाणं खाली ओढलं आणि मी हसऱ्या आवाजात म्हणालो, "नऊ वाजले आहेत."

दुपारी चहाच्या टपरीवर तिघं आधीच तापलेले होते.

"कापलंच ना बे तुह्या साहेबानं!" गिटारवाला म्हणाला. "तू लिही आता. तुह्या घरी तर पत्रकंच पत्रकं. असं लिही की त्याले शहरात तोंड दाखवता नाही आलं पाहिजे."

गायिका हळू बोलली. "माय न् तिच्यासोबतच्या बाया गेटवर थांबल्या होत्या गा. मोबाइल मधात धरून. हजेरी नऊची आहे. मायनं सगळ्यायले सांगून ठेवलं होतं, आता येते, आता येते."

म्हणजे त्यांनी माझाच आवाज ऐकला होता, आणि ऐकून त्या धावल्या होत्या.

पत्रक मला दहा मिनिटांत लिहिता आलं असतं. पहिलं वाक्य तयारही होतं, आणि ते चांगलं होतं. साहेब खरंच तसा माणूस होता, त्यानं खरंच कडवं काढायला सांगितलं होतं. फक्त त्यानं ते काढलं नव्हतं.

"साहेबानं नाही," मी म्हणालो. "मी ओढलं खाली. गाणं मिनिटभरानं लांबलं होतं. मी झोपेत वाजवलं. ताल हळू होत गेला."

गिटारवाला हसला. त्याला गंमत वाटली. मग हसायचं थांबला. "अबे, आम्ही सकाळपासून त्याले शिव्या देऊन राहिलो!"

गायिकेनं शिवी दिली नाही. तिनं फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "मायले तू सांग."

कारखान्यात जेवणाची सुट्टी होती. मी सगळं सांगितलं. पलीकडे डब्यांची झाकणं वाजत होती.

"झोप नाही होत का तुही?" मावशी म्हणाल्या.

"नाही होत, मावशी."

"आमचीबी नाही होत. पण आमी डबे हळू भरत नाही, बाबू." मागे बायका खदखदून हसल्या. मग मावशी म्हणाल्या, "बरं, होतं काय त्या कडव्यात? पोट्टी घरी म्हणून दाखवत नाही, लाजते. सांग. सगळ्या ऐकून राहिल्या."

मी टपरीवर उभा राहून ते कडवं नुसतं बोलून दाखवलं. सूर नाही, ताल नाही. पाय सुजतात, सावली लहान होते, बसायला सबंध कारखान्यात एक स्टूल नाही. चहावाल्यानं स्टोव्ह कमी केला.

पलीकडे कोणीतरी काही बोललं, मग दोघी-तिघी एकदम बोलायला लागल्या.

"चांगलं आहे," मावशी म्हणाल्या. "पण स्टूल आहे गा. नाही कसा? त्याच्यावर सुपरवायझर आपली बॅग ठेवते. बाईनं हात लावला तर म्हणते, लॅपटॉप आहे त्याच्यात. पोट्टीले सांग, हे टाक म्हणा."

मी फोन गायिकेकडे दिला. ती ऐकत राहिली, मग टपरीवरच्या बिस्किटाच्या पुड्याचा कागद ओढून त्याच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली.

"हळू सांग वं माय," ती म्हणाली. "बॅग कोणत्या रंगाची?"