दूरच्या कोपऱ्यातलं पहिलं पोतं

उदगीरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत रुद्राणीला सगळे ओळखत. ती करते काय, हे मात्र कुणालाच धड सांगता येत नसे. आई गेल्यावर ती हैदराबाद सोडून वडिलांजवळ राहायला आली. सकाळी पोटासाठी एका कंपनीचं काम करी आणि दुपारनंतर मनासाठी दुसरं. जगभरच्या हौशी माणसांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम उभारली होती, कुणीही फुकट वापरावी अशी. फाइली डिस्कवर कुठे ठेवायच्या आणि कुठून उचलायच्या, एवढं पाहणारा तिच्यातला कोड रुद्राणीकडे होता. नाटक कंपनीत पडद्यामागे पेटारे सांभाळणारा एक माणूस असतो. राजाचा मुकुट कुठे आणि भिकाऱ्याची झोळी कुठे, हे त्यालाच ठाऊक. टाळ्या त्याच्या वाट्याला येत नाहीत. पण त्याचा हात चुकला, तर राजा झोळी घेऊन दरबारात येतो. रुद्राणीचं काम त्या जातीचं.

त्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी येत होतं. उदगीरात माणसं टँकरची वाट पाहता पाहता नव्या जिल्ह्याच्या गप्पा मारत. एका दुकानदाराने तर पाटीवर ‘जिल्हा उदगीर’ असं आधीच रंगवून घेतलं होतं. रुद्राणीही एक हद्दच वाढवत होती. तिच्या सिस्टिमला दोन टेराबाइटपेक्षा मोठं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सलग भाग, पेलत नसे, पुढची जागा तिला दिसतच नसे. वर्षभर खपून रुद्राणीने ती पुढची जागाही तिला दाखवली. येत्या आवृत्तीत तिचं काम सामील करायचं ठरलं, तशी घोषणाही झाली.

त्याआधीच तिने ते एका माणसाला देऊन टाकलं होतं. देगलूरचा नरसिंग एकेकाळी तंबूच्या नाटकांना ध्वनी देई. तंबू उठले, तसा तो गावोगाव फिरून गोंधळी आणि भारुडकरी टेपवर उतरवत राहिला. त्या टेपा आता एकदा वाजत आणि तुटत. म्हणून त्याने चार टेराबाइटची मोठी डिस्क घेतली, सगळं तिच्यावर चढवलं आणि नंतर कॅमेऱ्याने जत्राही टिपू लागला. एवढी मोठी डिस्क एकसंध वापरता यावी म्हणून रुद्राणीने त्याला आपला नवा कोड बसवून दिला होता. म्हातारा हरखला होता.

मग एका दुपारी त्याचा फोन आला.

“ताई, संगप्पा बोलून राहिले न्हाईत. नुसती खरखर हाय.”

संगप्पा गोंधळी वारून दहा-बारा वर्षं झाली होती. त्यांचं नमन नरसिंगने त्या डिस्कवर सगळ्यात आधी ठेवलं होतं. नमनावाचून गोंधळ सुरू करायचा नाही, म्हणून. रुद्राणीने त्याला यंत्र बंद करायला सांगितलं आणि मिळेल त्या बसने देगलूर गाठलं.

दोष तिच्याच कोडमध्ये सापडला. डिस्कवरच्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो. तो मोठा मावावा म्हणून तिने कोडमध्ये जागोजागी घर रुंद केलं होतं, पण एका ओळीत ते अरुंदच राहिलं होतं. तंबूतल्या खुर्च्यांवर क्रमांक रंगवणाऱ्याने शंभराच्या पुढे गेल्यावर डावीकडचा आकडा गाळावा आणि उशिरा आलेल्या माणसाने येऊन थेट पहिल्या रांगेतल्याच्या मांडीवर बसावं, तसं झालं होतं. डिस्क अर्ध्यापुढे भरली आणि नवी जत्रा संगप्पांच्या नमनावर येऊन बसली.

बाकीचं सगळं शाबूत होतं. ते तिने दुसऱ्या डिस्कवर सुखरूप उतरवलं. नमन मात्र गेलं ते गेलंच. नरसिंगने तिच्यासाठी चहा टाकला. तिथेच बसून तिने जगभरच्या सोबत्यांना कळवलं की चूक माझी आहे, एका माणसाचं नुकसान झालं आहे, माझं काम या आवृत्तीतून काढा. काहीजण चिडले. घोषणा मागे घ्यावी लागली.

घरी आल्यावर तिने सगळं वडिलांना सांगितलं. महादेवप्पांची सारी हयात आडतीत गेली होती. नवं गोदाम घेतलं की ते पहिलं पोतं दाराशी कधी ठेवत नसत. हमाल कुरकुरले तरी पार मागच्या कोपऱ्यात ठेवायला लावत आणि आठवड्याने हात घालून पाहत. ओल असते ती तिथे. लहानपणी रुद्राणी त्या पोत्यावर बसून खेळली होती. तरी तिने आपला कोड दाराजवळच तपासला होता. डिस्क पुढून थोडी भरली, फाइली परत मिळाल्या, की झालं.

“मग, भिजलं का पोतं?” महादेवप्पांनी विचारलं.

“एक भिजलं.”

“कुणाचं?”

“दुसऱ्याचं.”

महादेवप्पांनी मान हलवली. “आपलं असतं तर बरं होतं बघ, बाई.”

ती ओळ दुरुस्त करून रुद्राणी पुन्हा देगलूरला गेली. नरसिंगने तोवर संगप्पांच्या लेकीला, नागुबाईला, बोलावून आणलं होतं. त्या घरात बायका गोंधळाला उभ्या राहत नसत, पण बापाचं नमन तिने भिंतीआडून जन्मभर ऐकलं होतं. घोटभर पाणी पिऊन नागुबाईने बसल्या बसल्या नमन म्हटलं. आवाज कोरडा होता, मधेच चिरकला, पण ती थांबली नाही.

नरसिंगने कानावरून हेडफोन उतरवला. “संगप्पा असं म्हणत नव्हते. दुसरं कडवं येगळं होतं.”

“बाप रोजच येगळं म्हणायचा,” नागुबाई म्हणाली. “तुमी एकाच रातचं धरून बसलाव.”

नमन गेल्यापासून नरसिंग पहिल्यांदाच हसला.

रुद्राणीने ते नमन डिस्कच्या सुरुवातीला ठेवलं नाही. पार शेवटच्या टोकाला ठेवलं, आणि मग सुरुवातीची फाइल शाबूत आहे का, ते पाहायला ती उघडली. संगप्पांचं संबळ वाजू लागलं, स्वच्छ. शेवटापर्यंत वाजू दिलं तिने. मग पुढची उघडली, आणि त्यापुढची. नागुबाई पदर सावरून ऐकत बसली, आणि त्या दुपारी टँकर आला तरी कुणी उठलं नाही.