दिनेश ऑपरेटर आणि सीताबाईचं बयान

अहेरीच्या एका कचेरीत दिनेश नावाचा कंत्राटी ऑपरेटर आहे. कचेरीतल्या कॉम्प्युटरांवर नेहमीच्या विंडोजऐवजी लिनक्स आहे आणि ते आपल्याशिवाय कोणाला कळत नाही, एवढ्या एका भांडवलावर हा माणूस कॉलर ताठ करून फिरतो. साहेब त्याच्या लेखी अडाणी, कारकून अन्नपूर्णाबाई बावळट, आणि जंगलाकडून येणाऱ्या लोकांना तर तो माणसांत धरतच नाही. स्वतः मात्र तो भामरागडकडच्या एका गोंड गावातला. हे त्यानं कचेरीत कोणाच्या कानावर पडू दिलेलं नाही. आई भेटायला आली की तो तिला बसस्टँडवरच गाठतो आणि तिथूनच परत पाठवतो, कारण ती कचेरीत आली तर चारचौघांत गोंडी बोलेल. असा हा शहाणा.

कचेरीतले बाबू लोक दुपारी ब्राउझरमध्ये गाणी लावायचे. दिनेशच्या ते डोक्यात जायचं. कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅमनं उघडायची हे ब्राउझरला एकदा सांगून ठेवता येतं. दिनेशनं सगळ्या कॉम्प्युटरांवर सांगून ठेवलं की आवाजाची फाइल आली तर प्लेअरकडे द्यायची नाही, मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची. झालं. गाण्यावर क्लिक केलं की पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि मोडकी अक्षरं. लोक वैतागायचे आणि हा गालातल्या गालात हसायचा. विचारलं तर म्हणायचा, "फाइलच खराब आहे."

त्यातच जंगलातल्या एका गोंड गावाचा जंगलावरच्या हक्काचा दावा आला; गावातर्फे सुकलू नावाचा माणूस कचेरीत खेपा घालायचा. गावाची शीव कुठवर, हे त्या गावात म्हातारी माणसं चालून सांगतात. सुकलूची आई सीताबाई काठी टेकत सगळी शीव फिरली. प्रत्येक नाल्याचं, प्रत्येक मोठ्या झाडाचं नाव तिनं गोंडीत सांगितलं, कोण कुठं पुरलाय तेही सांगितलं. गावानं ते एका साध्या मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि फाइल कचेरीला पाठवली. नंतर मोबाइल नाल्यात पडला, आणि पावसाळ्याआधी सीताबाईही गेली. आता तिचा आवाज राहिला तो कचेरीच्या कॉम्प्युटरवर.

अन्नपूर्णाबाईंनी ती फाइल ब्राउझरमधून उघडली. मोडकी अक्षरं आली. त्यांनी इमानदारीनं ती सगळी छापली आणि कागद साहेबापुढे ठेवले. साहेबानं चष्मा वर-खाली केला आणि निर्णय दिला, "गोंडीत असेल. लावा फायलीला." छापून निघालं म्हणजे ती कोणती तरी भाषा असणारच, एवढी कचेरीची अक्कल. अन्नपूर्णाबाईंनी प्रत्येक पानावर शिक्का मारला.

दिनेशनं हे सगळं पाहिलं. सेटिंग बदलायला त्याला कितीसा वेळ लागला असता? पण मग बिघडवली कोणी, हा प्रश्न आला असता. शिवाय शिक्का मारलेला तो कचरा पाहून त्याला मजा वाटत होती. तो चहा प्यायला निघून गेला.

सुनावणीच्या दिवशी सुकलू धुतलेलं धोतर नेसून आला. साहेबानं कागद पुढे सरकवले. "हे तुमच्या आईचं बयान."

सुकलूला वाचता येत नव्हतं. त्यानं कागदाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

"वाचून दाखवा ना जी," सुकलू म्हणाला. "माय गेल्यापासून तिचं बोलनं आयकलं नाई मी."

"अहो, गोंडीत आहे. इथे कोणाला येते गोंडी?" साहेबानं खोलीभर नजर फिरवली. "वाचणारा मिळत नसेल, तर हा पुरावा मला धरता येणार नाही."

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मले त येत नाई." दिनेशनं पडद्यात डोकं खुपसलं.

सुकलू बराच वेळ त्याच्याकडेच पाहत होता. त्याला तो चेहरा कुठला तरी ओळखीचा वाटत होता. तो पुढे वाकला आणि घरातल्या पोराला विचारावं तसं त्यानं हळूच गोंडीत विचारलं, तू कोणाचा लेक, कोणत्या गावचा?

वडीलधाऱ्यानं असं विचारलं की काय करायचं हे दिनेशला लहानपणापासून शिकवलेलं होतं. तो खुर्चीवरून उठला, हात जोडले, आणि आईचं नाव, गावाचं नाव, कुळाचं नाव त्याच्या तोंडून घडाघडा निघून गेलं. अस्सल गोंडीत.

साहेब खूश झाला.

"अरे वा. घरचाच माणूस, आणि आम्ही गावभर शोधतोय. वाच."

कागद दिनेशच्या हातात आले. पानभर चौकोन आणि प्रश्नचिन्हं होती. सुकलू जमिनीवर मांडी घालून बसला, डोळे मिटले, आणि आईचं बोलणं ऐकायला थांबला.