नखभर फट

पोलिसांच्या शस्त्रागारात तिला सगळे मिस्त्रीण म्हणत. नाव होतं तिला, पण ते फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. पिस्तुलं उघडायची, पुसायची, झिजलेला भाग बदलायचा आणि पुन्हा जोडून द्यायची, हे तिचं काम. हाताला यश होतं, आणि त्याचा थोडा तोराही होता. पिस्तूल न्यायला आलेल्या शिपायाला ती हमखास ऐकवायची, "बघ, आंघोळ घालून दिलीय. तूही एकदा करून बघ."

नवरा गेला आणि हे ऐकवणं बंद झालं. तो ट्रक चालवायचा. उतारावर ब्रेक लागले नाहीत, एवढंच तिला कळवण्यात आलं. घरी आणलेल्या त्याच्याकडे तिने पाहिलं, त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय हे तिच्या लक्षात आलं, आणि डोळ्यांतून टिपूसही आलं नाही. सासू ऊर बडवून रडली. मोठी नणंद रडली. शेजारीण, जिचं त्याच्याशी पाण्याच्या पाइपावरून कायमचं वाकडं होतं, तीसुद्धा रडली. ही मात्र सगळ्यांना पाणी देत फिरत राहिली.

"दगड आहे ती," नणंद स्वयंपाकघरात म्हणाली. हळू म्हणाली, पण भिंतीलाही कान असतात आणि ही तर भिंतीपलीकडेच भांडी घासत होती. तिला राग यायला हवा होता. तोही आला नाही. तिने कढई घासून पालथी घातली.

रजा संपली तशी ती कामावर आली. घरातलं आणि कामावरचं, दोन्ही सारखंच झालं होतं. भाजीत मीठ टाकलं की नाही हे चव घेऊनही कळत नसे. दुपारचा डबा ती न खाताच फाटकाजवळच्या कुत्र्यापुढे रिकामा करायची. कुत्रा बाळसं धरू लागला होता.

अशात एका सकाळी लंबू तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. लंबू म्हणजे शिपायांतला सर्वांत उंच, दारातून येताना सवयीने वाकणारा. जिभेला हाड नसलेला माणूस, पण त्या दिवशी चेहरा उतरला होता.

"मिस्त्रीणबाई, रागावू नका," तो म्हणाला. "हे अडकतंय."

"कोणी साफ केलंय?"

"तुम्हीच की. काल नेलं तुमच्याकडून. आज सरावाला पहिली गोळी सुटली आणि दुसरीला खोडा. सुपारी चावताना दाढेत अडकावी तसं."

तिने पिस्तूल हातात घेतलं. मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे ना ते डोळ्यांनी पाहिलं, बोटानेही चाचपलं. वरची स्लाईड मागे ओढून सोडली. खट्कन पुढे गेली. पुन्हा ओढली, पुन्हा गेली.

"इथे बरं चालतंय," ती म्हणाली.

"डॉक्टरकडे गेल्यावर दात दुखायचा थांबतो ना, तसं झालं," लंबू म्हणाला, आणि ती हसेल म्हणून थोडा थांबला. ती हसली नाही. "बाई, दुपारी मला याच पिस्तुलाबरोबर पहाऱ्यावर जायचंय."

"ते इथेच राहू दे. तुला दुसरं मिळेल."

तो गेल्यावर तिने मॅगझिनमध्ये सरावाच्या खोट्या गोळ्या भरल्या. त्यांत दारू नसते, नुसतं धातूचं सोंग. स्लाईड ओढली, सोडली. गोळी नळीत शिरली, आणि स्लाईड पुढे जाता जाता थांबली. पूर्ण मिटायला नखभर फट राहिली. अंगठ्याने ढकलल्यावर मिटली. म्हणजे लंबू खोटं बोलत नव्हता.

तेल जास्त झालं असेल, असं तिला आधी वाटलं. सगळे भाग सोडवून कोरड्या फडक्याने पुसले, नावापुरतं तेल लावलं, जोडलं. फट तशीच. मग तिने दुसऱ्या पिस्तुलाचं मॅगझिन घालून पाहिलं. फट तशीच. नळीचं तोंड उजेडात धरून पाहिलं, ते आरशासारखं लख्ख होतं. पालथ्या घड्यावर पाणी. एरवी अशा वेळी तिच्या कपाळाची शीर उडायची, ती पिस्तुलाच्या सात पिढ्या उद्धरायची. आज ती नुसती एकामागून एक गोष्ट करत गेली, जणू कुणा दुसऱ्याचे हात बघत होती.

शेवटी तिने कपाटातून तशाच बनावटीचं दुसरं पिस्तूल काढलं, दोन्ही उघडली आणि भाग जोडीजोडीने शेजारी मांडले. नळीशेजारी नळी, स्प्रिंगशेजारी स्प्रिंग. तिथे नजर थांबली. लंबूच्या पिस्तुलाची स्प्रिंग चांगली दोन वेढे आखूड होती. दबून दबून मेलेली, जुनी. हाताने ओढताना कळत नाही, पण गोळी पुढे रेटायची वेळ आली की हीच दम सोडते.

तिने टेबलाखालचा भंगाराचा पत्र्याचा डबा ओढला. वरच, तेलकट कागदाच्या चुरगळ्यावर, एक नवी कोरी स्प्रिंग पडली होती.

तेव्हा तिला उमगलं. जुनी स्प्रिंग बदलायला तिनेच काढली होती. नवी तिनेच कागदातून सोडवली होती. आणि मग जुनी पिस्तुलात घालून नवी भंगारात टाकली होती. कधी, कशी, काही आठवेना. लंबूच्या समोर कुणी खरंच हत्यार घेऊन उभं राहिलं असतं तर? हा प्रश्न तिने स्वतःला विचारला. काळजात चर्र व्हायची जागा तिला माहीत होती. तिथे काही झालं नाही.

ती जुनी स्प्रिंग घेऊन शस्त्रागार सांभाळणाऱ्या हवालदारांकडे गेली. निवृत्तीला टेकलेला, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस.

"चूक माझी आहे," तिने सांगितलं. "जुनी परत घातली."

हवालदारांनी स्प्रिंग बोटांत दाबून पाहिली. "घरी जा. अजून थोडे दिवस रजा घे."

"घरी काय करू?"

त्यांनी चष्मा खाली ओढला. "मग एक कर. तुझ्या हातून निघालेलं प्रत्येक हत्यार आधी मी बघणार, मग बाहेर जाणार. चालेल?"

"चालेल."

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"वाटत नाहीये," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

नवी स्प्रिंग घालून तिने पिस्तूल जोडलं. हवालदारांनी तपासलं. मग दोघं मागच्या मैदानात गेली. कानांवर झाकणं चढवून तिने मातीच्या बांधाकडे नेम धरला आणि पूर्ण मॅगझिन रिकामं केलं. एकही गोळी अडली नाही. तळव्याला प्रत्येक धक्का नीट लागला, आणि जळक्या दारूचा वास नाकात शिरला. मळमळतंय असं तिला वाटलं. मग लक्षात आलं, भूक लागलीय.

दुपारी तिने डबा उघडून खाल्ला. भाजी खारट होती. कुत्रा फाटकाशी बराच वेळ ताटकळला.

लंबूला तिने दुसऱ्याच दिवशी सरळ सांगितलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि "बाई, मी तुमचाच हात मागणार पुढच्या वेळीही," असं म्हणून बसला. मग आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी घरी सासू नेहमीसारखी खिडकीशी बसली होती. दोघींत गेले कित्येक दिवस "जेवण वाढू का" आणि "वाढ" याखेरीज बोलणं नव्हतं.

"आज उशीर झाला?" सासूने विचारलं.

"पिस्तूल अडत होतं, आई."

"म्हणजे?"

सासूला ताट वाढून ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि सांगू लागली. तेल, मॅगझिन, फट, स्प्रिंग, भंगाराचा डबा, सगळं. आवाज सपाट, एखादी बातमी वाचावी तसा. म्हातारीला त्यातलं निम्मं कळलं नसेल, पण ती तोंडातला घास थांबवून ऐकत होती.

"तूच टाकलीस नवी?"

"मीच."

"मलाही परवा सापडेना," सासू म्हणाली, "त्याच्या शर्टाचं बटण. शिवायला म्हणून जपून ठेवलं होतं. तांदळाच्या डब्यात निघालं."

बाहेर कुणाच्या तरी स्कूटरने सुरू व्हायला नकार दिला, मग ती सुरू झाली.

"भाजी वाढू का अजून?" तिने विचारलं.

"खारट आहे," सासू म्हणाली. "वाढ."