देवमाशाला कास

लग्न होऊन मी राजुरीत आले, तेव्हा नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी सहा वर्षांची होती. तिची आई 'उद्या येते' म्हणून दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. शेजारणी पोरीच्या मागे लागत, "हिला आई म्हण गं." एकदा मी त्यांना चांगलंच झापलं आणि पोरीला सांगितलं, मला मावशी म्हण. तिने तेही म्हटलं नाही. काही हवं असलं की माझा पदर ओढायची आणि मी बघितलं की दुसरीकडे बघायची. मला राग यायचा, मग त्या रागाचीच लाज वाटायची.

एक दिवस शाळेतून आली ती माझ्यासमोर उभी राहिली. मी क्रोशाने दाराचं तोरण विणत होते.

"देवमासा येतो का तुमाला?"

समुद्र मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. तरी ठोकून दिलं, "न येऊन काय!"

मोबाइलवर एक बाई हिंदीत भराभर शिकवत होती. नारायणगावहून निळी लोकर आणली. क्रोशाचे टाके, म्हणजे मुके खांब, मोजताना पोरीने मध्येच काही विचारलं की आकडा चुकायचा आणि सगळं उसवायचं. पहिला देवमासा वांग्यासारखा झाला. दुसऱ्याला शेपटी वाकडी आली. तिसरा जमला, पण भरायला कापूस पुरेना. माझं माहेर आंबेगावातलं, मेंढपाळाचं. तिकडून येताना आणलेली मेंढ्यांची लोकर आत कोंबली. पोरीने वास घेऊन नाक मुरडलं, पण हातातला सोडला नाही.

"शाळेतल्या बाई म्हणल्या, देवमासा मासा नसतोच. पिल्लाला दूध पाजतो."

दूध पाजतो म्हटल्यावर मेंढपाळाची लेक गप्प बसते होय? मी पांढऱ्या लोकरीची छान गोल कास विणली, दोन सड लावले आणि पोटाखाली शिवून टाकली. नवरा हसून हसून लोळला. पोर मात्र हसली नाही. तिने कास नीट चाचपून पाहिली आणि म्हणाली, "आता पिल्लू पायजे." म्हणून मुठीएवढं पिल्लूही विणलं. त्या दिवसापासून देवमाशाची देवमाशीण झाली आणि पिल्लू तिच्या कासेला लावूनच पोर झोपू लागली.

झोपताना मी तिला आमच्या मेंढ्यांचं सांगायचे. मेंढ्या लांब चरायला जातात, कोकरं मात्र तळावर जाळीच्या कुंपणात राहतात.

"आन मेंढ्या पळून गेल्या तर?"

"कशा पळतील? कोकरं हितं हायेत ना. दिवस कलला की आपापल्या पिल्लाकडं वरडत येत्यात."

तिने पिल्लू कासेपासून लांब नेलं, मग परत आणून लावलं.

मग एका सकाळी भावाचा फोन आला. आबा, म्हणजे माझे वडील, बांधावरून घसरून पडले होते, पाय मोडला होता. मी पिशवी भरायला घेतली.

"कुठं चालला?"

"दवाखान्यात. उद्या येते."

बोलले आणि जीभ चावली. पोरीचा चेहरा उतरला. ती जेवली नाही, रडलीही नाही. मी निघताना दारातसुद्धा आली नाही. एसटीत सगळी वाट मला तेच टोचत राहिलं.

दवाखान्यात टॉवेल काढायला पिशवी उघडली, तर आत देवमाशीण. पिल्लू नव्हतं. पिशवी उलटी करून झटकली. पडलं असणार, म्हणून घाबरून घरी फोन लावला. नवऱ्याने तिच्याकडे दिला.

"अगं, मोठी माझ्या पिशवीत आलीय. पिल्लू कुठाय?"

"माज्यापाशी हाय." थोडं थांबून ती म्हणाली, "मुद्दाम ठेवलंय, मावशी."

मी व्हरांड्यात जाऊन पोटभर रडले. देवमाशीण नाकाशी धरली, तिला आमच्या मेंढ्यांचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी आबांच्या पायाला प्लास्टर झालं. दुपारी मी निघाले, तर हात धरून म्हणाले, "ऱ्हा की चार दिस. एवढी कसली घाई?"

"न्हाई आबा. पिल्लू घरी हाय."

आबांनी हात सोडला. भावाला म्हणाले, "हिला यष्टीवर सोड. दिवस कलायच्या आत पोचली पायजे."