सरांचा रिफ्रेशर कोर्स

आंजी गावाहून रोज बसने एका कॉलेजात जाऊन मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचे. आमच्यासारख्यांना रिफ्रेशर कोर्सला कोणी पाठवत नसे. ती सोय कायमस्वरूपी नोकरीतल्या प्राध्यापकांची. विभागप्रमुख सरांनी आपला ऑनलाइन कोर्स माझ्यापुढे सरकवला तेव्हा मी नाही म्हटलं नाही. “मॅडम, मले त्या कॉम्प्युटरचं काही समजत नाई. एवढं करून द्या, पुढच्या वेळेस तुमचंच नाव पाठवतो.”

दोन आठवडे सरांच्या नावाने मी व्याख्यानं ऐकली, चाचण्या सोडवल्या, ‘शिक्षकाची नीतिमत्ता’ यावर निबंधही लिहिला. सर ‘अ’ श्रेणीत पास झाले. स्टाफरूममध्ये त्यांनी पेढे वाटले आणि मी दोन खाल्ले, इतकी मी मूर्ख.

पुढे त्याच कॉलेजात कायम जागा निघाली. मुलाखतीच्या समितीत सर होते. माझी फाइल चाळून त्यांनी एकदम पुस्तकी मराठीत विचारलं, “आपण एकही रिफ्रेशर कोर्स केलेला दिसत नाही. स्वतःला अद्ययावत ठेवावं असं कधी वाटलं नाही का?” बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगितलं असतं तर मीच लबाड ठरले असते. मी “नाही सर” एवढंच म्हटलं.

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. आठवड्याने सर व्हरांड्यात भेटले आणि पुन्हा आपल्या बोलीवर आले. “नाराज नका होऊ मॅडम. पुढच्या महिन्यात माझा अजून एक कोर्स हाये. पासवर्ड तोच हाये.”