काकीला दिलेली मुरघासाची पिशवी

उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, तोडणीच्या दिवसांत आमच्याकडं ढिगानं पडतं आणि वाळून जातं. मुरगूडला दोन दिवसांच्या शिबिरात त्याचा मुरघास करायला शिकलो. पाल्याची कुट्टी करायची, थराथरावर गुळाचं पाणी आणि अगदी मोजून युरियाचं पाणी शिंपडायचं, पायानं तुडवून हवा काढायची आणि पिशवीचं तोंड आवळून दीड महिना तिकडं बघायचं नाही. गुळानं पाला नीट आंबतो, युरियानं चाऱ्याचा कस वाढतो. दोन दिवसांच्या शिदोरीवर मी गावभर शहाणपणा शिकवत हिंडलो.

शेवटची पिशवी भरताना फोन आला. बोलून परतलो तर या थराला युरियाचं पाणी दिलं की नाही, आठवेना. पुन्हा दिलं. कमी पडण्यापेक्षा बरं, असं वाटलं. इतका मी हुशार. पावसाळ्याच्या तोंडाला तीच पिशवी काकीला दिली. काकी शेजारी एकटीच राहायची. बोलायला, रागवायला तिला एक म्हैस होती, तेवढीच.

बेंदराच्या, म्हणजे गुराढोरांच्या सणाच्या, दुपारी तिची हाक आली. म्हैस आडवी पडलेली, पोट तट्ट फुगलेलं, तोंडाला फेस, अंग थरथरत होतं. गव्हाणीत अर्धा मुरघास तसाच होता. वाकलो तर मुतारीसारखा उग्र वास नाकात गेला आणि डोळे चुरचुरले. मला तिथंच सगळं कळलं.

गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "काय खाल्लंय हिनं?"

मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाली, "सणाचं म्हणून पुरणाच्या पोळ्या चारल्या वो. माज्याच हातानं."

डॉक्टरांनी पोळ्यांनीच झालं असं धरून इलाज केला. युरिया पोटात गेला तर व्हिनेगर पाजून बघतात, हे मला शिबिरात सांगितलेलं होतं. एक शब्द बोलायचा होता. मी गप्प उभा राहिलो. तासाभरात म्हैस गेली. माणसं पांगल्यावर मी गव्हाण घासून धुतली, आणि पोरगं किती राबलं म्हणून काकी गल्लीभर माझं कौतुक सांगत राहिली.

त्यानंतर तिच्या घरात पुरण शिजलं नाही. मी मुरघास अजून करतो, युरियाला हात लावत नाही. पिशवी सोडली की छान आंबूस वास येतो आणि त्याच्याखाली मला तो दुसराही येतो. बायको म्हणते, काही नाही. पण मला येतो, जेवायला बसल्यावरसुद्धा येतो. स्वतःची चीड येते आणि भीतीही वाटते.

यंदाच्या बेंदराला मन घट्ट करून तिच्याकडं गेलो. ती भाकरी थापत होती.

"काकी, म्हस पोळीनं न्हाय गेली. माज्या मुरघासानं गेली. युरिया दोनदा पडलता. मला तवाच कळलतं, पण मी बोललो न्हाय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"माजा जीव हलका व्हावा म्हणून सोतावर घ्यालास व्हय रं?" ती म्हणाली. "लई गुणाचं लेकरू हाईस."

मी पुन्हा सांगितलं. शिव्या घाल म्हटलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला ताट वाढलं.