चार सुती कुर्ते आणि माझी सौम्य तक्रार

माझ्या पत्नीने एका उन्हाळ्यात स्वतःसाठी चार सुती कुर्ते शिवून घेतले होते, आणि ते तिला घालता येऊ नयेत अशी व्यवस्था मी केली. उघडपणे नव्हे, तेवढे धैर्य माझ्यात नव्हते. एका भल्या माणसासमोर बसून, आवाज न चढवता, शब्द पारखून मी एक तक्रार केली आणि घरी येऊन चहा प्यायलो. पंचवीसहून अधिक वर्षे मी हे कुणाला सांगितले नाही. तक्रारीचे खरे कारण हेवा हे होते. एखाद्या परपुरुषाचा संशय असता तर ती निदान जगाच्या ओळखीची व्याधी ठरली असती. मी जळत होतो तो तिच्या सुटसुटीतपणावर.

लातूरच्या एका शाळेत मी मराठी शिकवत असे. पत्नी नांदेडची, रसायनशास्त्राची पदवीधर. आमचे लग्न झाले त्याच वर्षी भूकंप झाला. किल्लारीकडच्या गावांसाठी दूरदूरहून कपड्यांचे ट्रक येऊ लागले आणि आमच्या शाळेच्या सभागृहात छातीइतका ढीग साचला. त्यात चकचकीत साड्या होत्या, लोकरीचे कोट होते, लग्नात एकदाच घातलेले झब्बेही होते. मी तेथे फलक लिहीत असे: ‘स्त्रियांची वस्त्रे’, ‘बालकांची वस्त्रे’. अक्षर सुरेख होते. ते वाचायला कुणाला सवड नव्हती. पत्नी त्या ढिगात उभी राहून प्रत्येक कापड चिमटीत धरून चोळून पाही आणि दोनच वाटण्या करी. ज्यात काम करता येईल ते इकडे, ज्यात येणार नाही ते तिकडे. पत्र्याच्या निवाऱ्यातून आलेली एक बाई जरीची साडी परत घेऊन आली होती.

“ताई, हिच्यात भाकरी थापता येत न्हाई. चुलीपाशी बसलं की अंगाला चिकटून राहती. सुताचं काई हाय का?”

पत्नीने तिला जुनी, विटकी सुती लुगडी काढून दिली, आणि ती बाई समाधानाने गेली. दुसऱ्या दिवसापासून दारात येणारी प्रत्येक बाई विचारू लागली, “ती ताई कुठं हाय?” ज्यांचे घरदार गेले अशा माणसांच्या गर्दीत उभा राहून, माझ्याकडे कुणी येत नाही, याचे मी मनातल्या मनात दुःख करीत होतो. हेव्याचा तो पहिला अंकुर मला तेव्हाच दिसला होता. मी त्याला संवेदनशीलता असे नाव दिले.

पुढे थोड्याच वर्षांत शहर पालटले. मुखेड, उमरी, इस्लापूर अशा गावांहून पत्र्याच्या पेट्या आणि गाद्या घेऊन मुले एसटीतून उतरू लागली. घरोघर एक खोली भाड्याने गेली, गल्लोगल्ली खाणावळी निघाल्या आणि मोकळ्या प्लॉटवर शेड ठोकून शिकवणीचे वर्ग भरू लागले. रसायनशास्त्राला मागणी आली. मराठीला कोण विचारणार? “तुमचा विषय पोरं घरी वाचतात, सर,” असे एका वर्गाच्या संचालकांनी मला हसत हसत सांगितले. त्याच बैठकीत त्यांनी पत्नीला उन्हाळी तुकड्या देऊ केल्या.

आमची मुलगी तेव्हा काही महिन्यांची होती. तिला सांभाळायला माझी आई मुखेडजवळच्या गावाहून येऊन राहिली. तिला मी माय म्हणत असे. सकाळची तुकडी उजाडता उजाडता सुरू होई, मग थोडी सुट्टी, मग दुसरी तुकडी. पत्नीजवळ होत्या त्या साऱ्या आहेरातल्या साड्या, नायलॉनच्या आणि जॉर्जेटच्या. पहाटे ती हाक मारी, “अहो, जरा निऱ्या धरता का?” मी तिच्या पायांशी उकिडवा बसून निऱ्या सारख्या करीत असे. ते काम मला आवडे. पत्र्याखाली दोनेकशे मुलांसमोर उभे राहून ती परत येई तेव्हा पाठीवर घामोळ्यांचा लाल पट्टा उठलेला असे आणि पदराच्या पिनांनी खांदा टोचलेला असे.

एप्रिलच्या सुरुवातीला, एका रविवारी, तिने सगळ्या साड्या पलंगावर मांडल्या आणि एकेक चिमटीत धरून चोळून पाहिली. सभागृहातली तिची ती सवय मी ओळखली. शेवटी ती म्हणाली, “यातली एकही कामाची नाही. माझ्यासाठीसुद्धा कुणीतरी ढीगच पाठवलाय.”

गंजगोलाईच्या बाजारातून ती वायल आणि खादीचे कापड घेऊन आली. सारे फिके, बिननक्षीचे. खडूची भुकटी दिसू नये म्हणून एक मोतिया, एक राखी; बाकी दोन फिका निळा आणि कोवळा हिरवा. सलवारी दोनच, पांढरी आणि गडद निळी; कोणताही कुर्ता कोणत्याही सलवारीवर चालावा. म्हणजे पहाटे विचार करायला नको. आमच्याकडे नळाला पाणी दिवसांच्या अंतराने येई, म्हणून अर्ध्या बादलीत खळबळून निघेल असेच कापड. वीज भरवशाची नव्हती, म्हणून इस्त्रीची गरज नको. ओलसर घडी गादीखाली ठेवली की सकाळी तयार. लाडक्या बाळाच्या कपड्यांचाही कुणी इतका विचार करीत नसेल, असे मला वाटले, आणि त्याही विचाराला कडवट चव होती.

शिंप्याकडे मी सोबत होतो. म्हातारे मास्टर चष्म्यावरून तिच्याकडे बघतच राहिले.

“भाभी, औरतां के कुर्ते कू जेब?”

“खडू ठेवायला, चाचा. आणि घराची किल्ली.”

“और बटनां सामने?”

“सामनेच. पोरगी लहान आहे.”

“समझ गया,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून डोळे मिचकावले, “सर, तुम्हारी मिसेस तो इंजिनियर है.”

ती समोरची बटणे हा त्या साऱ्या मांडणीचा गाभा होता. साडीत तिला सायकल कधी जमली नाही. कुर्ता-सलवारीत ती दोन तुकड्यांमधल्या सुट्टीत सायकलने घरी येई, खाटेवर टेकून बाळाला पाजी, तांब्याभर पाणी पिई आणि पुन्हा निघे. पिना काढणे नाही, निऱ्या सावरणे नाही. माय दारात उभी राहून कौतुकाने बघे.

“लई बेस केलंस बाई. हातपाय मोकळे हायत. आमच्या टायमाला असं कुणी सुचवलं न्हाई.”

घरात हरकत घेणारे कुणीच नव्हते. मीही तोंडाने “छान दिसतो” असेच म्हणालो. पण पहाटेची हाक बंद झाली. मी जागाच असे. पडल्या पडल्या तिच्या कडीचा आवाज ऐके, सायकलची घंटी ऐके. ती कुणाच्या मदतीशिवाय तयार होत होती आणि कोपऱ्यावर वळताना, असे मला वाटे, गुणगुणत होती. दुपारी घामोळ्या नव्हत्या, चिडचिड नव्हती. वाण्याच्या दुकानात एका मुलाने मला वाकून नमस्कार केला आणि मित्राला म्हणाला, “मॅडमचे मिस्टर.” माझी दहा वर्षांची नोकरी, माझे वाचन, माझे अक्षर, सारे त्या दोन शब्दांत मावले. मी घरी आलो तेव्हा दोरीवर मोतिया कुर्ता वाळत होता. वाऱ्याने फुगलेला, हलका, कुणाचाही नसलेला. त्या कापडाचा मला मत्सर वाटला. हे लिहितानाही मान वर होत नाही.

दोन दिवसांनी मी संचालकांकडे गेलो.

“सर, एक नाजूक विषय आहे. मॅडमच्या पोशाखाविषयी. माझे स्वतःचे काही म्हणणे नाही. पण आमच्या मातोश्री जुन्या वळणाच्या आहेत. घरात थोडी अस्वस्थता असते.”

संचालक खुर्चीत पुढे सरकले. “पालकबी बघून राहिलेत म्हणा, सर. बरं केलं सांगितलं. तुमचं नाव कुठं येणार न्हाई.”

हे शेवटचे वाक्य ऐकण्यासाठीच मी गेलो होतो, हे मला जिना उतरताना कळले. ज्या आईने दारात उभे राहून आशीर्वाद दिला, तिच्याच तोंडी मी माझा मत्सर घातला होता.

आठवड्याच्या आत पत्नी तापलेल्या चेहऱ्याने घरी आली. लग्न झालेल्या सगळ्या शिक्षिकांनी साडीच नेसावी, असा नियम संचालकांनी चहाच्या वेळी सांगितला होता.

“घरच्या वडीलधाऱ्यांच्या तक्रारी येऊन राहिल्यात म्हणे. कुणाची तरी सासू जाऊन बोंबललीय.”

“कोन ती भवानी?” माय उसळून म्हणाली. “तिला म्हणावं, तूच उभी ऱ्हा पत्र्याखाली जरीचं नेसून!”

मी वर्तमानपत्राचे पान उलटले. “जाऊ द्या. नियम सर्वांनाच आहे,” असे मी समजुतीच्या सुरात म्हणालो. दोघींनीही माझे ऐकले. माझ्या सौम्यपणावर साऱ्यांचा विश्वास होता, आणि मी तो तेथेच खर्च केला.

दुसऱ्या पहाटे हाक आली, “अहो, निऱ्या.” मी उठून तिच्या पायांशी बसलो. मला आनंद झाला होता. तो आनंद किती स्वच्छ, किती निखळ होता, हे मला आजही आठवते.

सायकल भिंतीला टेकून राहिली. चालत घरी येऊन परत जायला सुट्टी पुरत नव्हती. शेडमधल्या मागच्या खोलीत, पदराखाली, ती नॅपकीन लावून बसे. दूध ओघळून जॉर्जेटवर डाग पडत आणि मुलांसमोर उभे राहायची तिला लाज वाटे. घरी माय बाळाला बाटली देई. बाळ तोंड फिरवी, रडून रडून निळे पडे आणि थकून बाटलीला लागे. मे संपता संपता पत्नीचे दूध आटले. पुढच्या उन्हाळ्यासाठी तिने त्याच विचाराने सुती साड्या जमवल्या, फिक्या, बिनइस्त्रीच्या, परकराला आतून खिसा असलेल्या. नोकरीही टिकली. पण जे गेले ते त्या साड्यांनी परत आले नाही. माय काही वर्षांनी वारली. तिच्या नावावर मी काय मांडून ठेवले आहे, हे तिला कधी कळले नाही.

यंदाच्या मार्चमध्ये आम्ही नांदेडला मुलीकडे होतो. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. ती उमरीच्या एका बँकेत काम करते. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी परतायचे. पत्नीने तिचे कपाट रिकामे करून सारे दिवाणावर मांडले होते. दोघींचे चालू होते.

“हा नको, पाठीला चेन आहे. हा ठेव. ओढणी दोनच, कशावरही चालतील अशा.”

“आई, तू काय माझा युनिफॉर्म ठरवतेस काय?”

“हो. सकाळी बाळ रडत असताना तुला मॅचिंग सुचणार नाही.”

मुलगी हसली. मग बाळाला पाजता पाजता तिने सहज विचारले, “मला किती दिवस पाजलंस गं?”

पत्नीचा हात घडीवर थांबला. “फार नाही. तो साडीचा नियम निघाला आणि बंद झालं.” तिने ती घडी पुन्हा उलगडली. “माझंच चुकलं. तेव्हा नोकरी सोडायला हवी होती. मी हट्ट धरला. लहानपणी तुला सारखी सर्दी व्हायची, दर वेळी मला तेच आठवायचं.”

तिने हे पूर्वी कधी बोलून दाखवले नव्हते. मी समजत होतो की मी तिचे चार कुर्ते हिरावले. तिने इतकी वर्षे त्याचा दोष स्वतःच्या अंगावर वागवला होता, आणि मी शेजारी बसून तो वागवू दिला होता. मी आत्ता गप्प राहिलो असतो तर तिने तो मरेपर्यंत वागवला असता.

“कोणत्याही सासूने तक्रार केली नव्हती,” मी म्हणालो. “मी केली होती. मायचं नाव सांगून.”

दोघींनी माझ्याकडे पाहिले. पत्नीने हातातली ओढणी खाली ठेवली.

“तुम्ही?”

“हो.”

“का?”

“तुला माझी गरज उरली नव्हती. मला बघवलं नाही.”

तिचे डोळे भरले नाहीत. ते कोरडे होते आणि ते मला अधिक जड गेले. “मायनं शिव्या दिल्या त्या बाईला,” ती म्हणाली, “आणि तुम्ही पेपर वाचत होता.” मी माफी मागण्यासाठी तिच्याकडे वळलो, तशी तिने हात वर केला. “मला नंतर. आधी तिला सांगा. भूक तिची होती.”

मुलगी बाळाला छातीशी धरून बसली होती. तिच्याकडे पाहून बोलणे मला फार कठीण गेले, तरी मी पाहिले आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

“बाळा, तुझ्या वाट्याचं दूध मी तोडलं. तुझ्या आईनं नाही. मी तुझी माफी मागतो.” मग पत्नीकडे वळलो. “आणि तुझं काहीही चुकलं नव्हतं, अगं. त्या उन्हाळ्यात तू सगळं बरोबर केलं होतंस. मी जळलो, मी खोटं बोललो, आणि तुला इतकी वर्षं दोषी राहू दिलं. मला माफ कर.”